बाबांच्या कल्चर रिपोर्टमध्ये जवळपास सगळीकडे ‘आर’, मदत हवी आहे

बाबा १२ दिवसांपासून आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. उतरलेला ताप परवापासून पुन्हा चढलाय. नळीतून काढलेल्या स्रावाच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) क्लेबसिएला न्यूमोनिए हा जंतू आलाय. मेरोपेनेम, इमिपेनेमसकट जवळपास प्रत्येक औषधासमोर ‘आर’ (जंतूवर औषध चालत नाही), फक्त कोलिस्टिनसमोर ‘आय’. रक्ताचं कल्चर निगेटिव्ह आहे. डॉक्टर म्हणतात कोलिस्टिन सुरू करू, पण त्याने किडनीला त्रास होऊ शकतो आणि बाबांचं क्रिएटिनिन आधीच वाढलंय.

‘आय’ म्हणजे अर्धवट चालणारं औषध का? मग किडनीचा धोका कशासाठी पत्करायचा? राऊंडला जेमतेम पाच मिनिटं मिळतात, तेव्हा नेमकं काय विचारू? आणि एक गोष्ट मनातून जात नाही: मी रोज त्यांचा हात धरून बसते, जंतू माझ्यामुळे तर गेला नाही ना?

उत्तर:
मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. २०२० पासून सीएलएसआय या लॅबसाठी मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषांत कोलिस्टिनला ‘एस’ (औषध चालतं) हा शेराच नाही. एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण) २ किंवा कमी असेल तर ‘आय’, ४ किंवा जास्त असेल तर ‘आर’. म्हणजे कोलिस्टिनला मिळू शकणारा सगळ्यात चांगला शेरा तुमच्या रिपोर्टवर आहे. मात्र हा बदल झाला तो या औषधाचा भरवसा कमी म्हणूनच, त्यामुळे दुसरा पर्याय आहे का ते जरूर विचारा.

त्यासाठी हा जंतू कोणतं कार्बापेनेमेज (मेरोपेनेमसारखी औषधं तोडणारं एन्झाइम) बनवतो ते कळायला हवं. केपीसी किंवा ऑक्सा-४८ या प्रकारचं असेल तर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम बहुधा चालतं. एनडीएम हा प्रकार मात्र ते औषध तोडून टाकतो. एनडीएमला अ‍ॅझ्ट्रिओनाम तोडता येत नाही, पण त्याच जंतूतली इतर एन्झाइम्स ते तोडतात. त्यांना अविबॅक्टम अडवतं, म्हणून सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि हे औषध एकत्र देतात. रिपोर्टवर अ‍ॅझ्ट्रिओनामसमोर ‘आर’ असला तरी हा मार्ग बंद होत नाही. दोन्हींची एकत्रित चाचणी लॅबमध्ये होते का, विचारा.

दुसरं, नळीत जंतू नुसता वस्ती करूनही असतो. एक्स-रेवर नवा डाग आहे का, ऑक्सिजन वाढवावा लागला का, यावरून डॉक्टर संसर्ग ठरवतात. रक्त निगेटिव्ह आलं म्हणून न्यूमोनिया नाही असं होत नाही.

स्वतःला दोष देऊ नका. असे जंतू बरेचदा रुग्णाच्या आतड्यातच असतात, आणि प्रतिजैविकांनी बाकीचे मेले की त्यांना रान मोकळं मिळतं. हात जरूर धरा, फक्त आधी आणि नंतर सॅनिटायझर लावा.

धागाकर्ती:
खूप आभार. एन्झाइम कोणतं, एकत्रित चाचणी, एक्स-रे, असं चिठ्ठीवर लिहून घेतलंय. सकाळी राऊंडला विचारते.