वाळलेला मका भरडून, भिजवून केलेला मुरघास : पाणी किती घालावे आणि किती दिवस मुरवावे?

प्रश्न (वैजापूर)

नमस्कार. आमच्या गोठ्यात संकरित दुभत्या गाई आहेत आणि हिरव्या मक्याचा मुरघास (हवाबंद आंबवलेला चारा) आम्ही नियमित करतो. खरिपाचा मका काढणीच्या सुमारास स्वस्त मिळतो, परंतु पोत्यांत साठवल्यास उन्हाळ्यापर्यंत त्याला सोंडे लागतात. ब्राझीलमधील पशुपालक वाळलेला मका भरडून, त्यात पाणी मिसळून तो हवाबंद मुरवतात, असे वाचनात आले. आमच्या मक्यात १२ टक्के ओलावा आहे आणि तो ३५ टक्क्यांवर न्यायचा आहे, म्हणून १०० किलोंना २३ लिटर पाणी धरले आहे. हा हिशेब बरोबर आहे का? तसेच पंधरा-वीस दिवसांनी तो चारायला काढता येईल का?

उत्तर (बारामती)

२३ लिटर कमी पडतील. पाणी घातल्यावर एकूण वजनही वाढते, हे आपल्या हिशेबातून सुटले आहे. १०० किलो मक्यात ८८ किलो शुष्क भाग असतो. तो मिश्रणाच्या ६५ टक्के राहायचा असेल तर मिश्रण सुमारे १३५ किलो भरले पाहिजे, म्हणजेच पाणी ३५ लिटर लागेल. २३ लिटरमध्ये ओलावा साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपासच राहतो. मका १४ टक्के ओलाव्याचा असेल तर ३२ लिटर पुरतात. त्यामुळे व्यापाऱ्याच्या अंदाजावर विसंबू नका, ओलावा मापकावर मोजून घ्या.

दिवसांबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन की घाई करू नये. आंबूस वास दोन-तीन आठवड्यांत येतो आणि माल तयार झाल्यासारखा वाटतो, पण खरे काम त्यानंतरही चालूच असते. आपल्याकडचे बहुतेक संकरित वाण ब्राझीलमधल्याप्रमाणेच कठीण, काचेसारख्या दाण्याचे आहेत, आणि अशा दाण्यात स्टार्चच्या कणांभोवती झीन या प्रथिनाचे घट्ट वेष्टण असते. मुरण्याच्या काळात जिवाणूंची आणि दाण्यातली विकरे हे वेष्टण हळूहळू तोडतात, आणि त्यामुळे गाईच्या कोठीपोटातील (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील) जिवाणूंना स्टार्च सहज मिळतो. यासाठी किमान ६० दिवस, शक्यतो ९० दिवस द्यावेत. वीस दिवसांत उघडणार असाल तर कोरडा भरडा चारणेच योग्य, कारण पाणी, पिशव्या आणि मजुरी यांचा मोबदला त्यातून मिळणार नाही.

भरड्यासाठी चक्कीला ३ ते ५ मिलिमीटरची जाळी लावावी. अख्खे किंवा नुसते फुटलेले दाणे पाणी लवकर शोषत नाहीत आणि ते पाणी तळाशी साचते. पाणी झारीने थोडे थोडे शिंपडत भरडा खालीवर करावा, आणि मिसळणे, भरणे, दाबणे व तोंड बंद करणे ही सारी कामे त्याच दिवशी उरकावीत.

उत्तर (संगमनेर)

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. चारताना तोच हिशेब उलटा लावावा लागतो : ३ किलो कोरड्या भरड्याच्या जागी हा मुरघास ४ किलो लागतो. तरीही पहिल्याच दिवशी पूर्ण बदल करू नये. मुरलेल्या मक्यातील स्टार्च कोठीपोटात कोरड्या मक्यापेक्षा वेगाने आंबतो, म्हणून दहा-पंधरा दिवसांत प्रमाण हळूहळू वाढवावे आणि कडबा किंवा अन्य लांब तंतूची वैरण मुळीच कमी करू नये. शेण पातळ व फेसाळ झाले, रवंथ मंदावले किंवा दुधाची फॅट उतरली, तर ती आम्लता समजून मुरघासाचे प्रमाण ताबडतोब घटवावे.

उत्तर (जळगाव)

एक गोष्ट कुणीही नमूद केलेली नाही आणि ती दूध पिणाऱ्यांच्या आरोग्याची आहे. मुरवल्याने अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष नष्ट होत नाही. पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका स्वस्त मिळतो म्हणून घेतला, तर ते विष एम-१ या रूपात दुधात उतरते, आणि आपल्या देशात दुधात त्याची कमाल मर्यादा किलोमागे अवघी ०.५ मायक्रोग्रॅम आहे. माल निरोगी असेल तरच हा खटाटोप करावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुरघासाची एक टनाची पिशवी घ्यावी की झाकणाचे प्लास्टिक ड्रम घ्यावेत? आणि कल्चर (मुरवणाऱ्या जिवाणूंचे विरजण) आवश्यक आहे का?

उत्तर (बारामती)

जनावरे थोडी असतील तर ड्रम घ्यावेत. हा भरडा घट्ट बसतो, त्यामुळे २०० लिटरच्या ड्रममध्ये दोनशे किलोंच्या आसपास माल मावतो, आणि तो संपेपर्यंत दुसऱ्या ड्रमला हवा लागत नाही. मोठी पिशवी उघडल्यावर रोज जाड थर निघाला नाही, तर उन्हाळ्यात यीस्ट वाढून माल तापतो. कल्चरशिवायही मुरघास होतो. परंतु आपण तो उन्हाळ्यात उघडणार आहात, म्हणून लॅक्टोबॅसिलस बुकनेरी असलेले कल्चर वापरावे, कारण त्याने तयार होणारे ॲसिटिक आम्ल यीस्ट आणि बुरशी रोखते. केवळ लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या कल्चरने सामू (पीएच) लवकर उतरतो, पण उघडल्यानंतर तेवढे संरक्षण मिळत नाही. कल्चर क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यात कालवू नये, विहिरीचे स्वच्छ पाणी घ्यावे. प्रत्येक ड्रमवर भरल्याची तारीख लिहावी आणि जुना ड्रम आधी उघडावा.