मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन इटली, ९ रात्री (गुडघे, शाकाहार आणि मायकेलँजेलो)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय. जुने इटलीचे धागे सगळे वाचले, पण त्यात बहुतेक तरुण जोडपी नाहीतर मित्रमंडळी आहेत, माझा प्रश्न जरा वेगळा आहे म्हणून नवीन धागा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं जातोय. मी, आई (६७), बाबा (७२) आणि माझा १० वर्षांचा मुलगा. नवऱ्याला रजा नाहीये त्यामुळे सगळं मलाच निभवायचंय. व्हिसा आलाय, विमानाची तिकिटं झालीत. मंगळवारी दुपारी रोमला उतरणार आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात गुरुवारी व्हेनिसहून परत. म्हणजे रोम ४ रात्री, फ्लॉरेन्स ३, व्हेनिस २. हॉटेलं अजून कॅन्सल करता येण्यासारखी घेतलीयत, बदलायची तयारी आहे.

इटलीच का ते सांगते, कारण त्यावरच सगळा प्लॅन अवलंबून आहे. बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत ३१ वर्षं चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी कितीतरी मुलं आमच्या घरी रविवारी यायची. त्यांच्याकडे मायकेलँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याचं एक काळंपांढरं छापील चित्र होतं, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, ते भिंतीला टेकवून ठेवायचे आणि फक्त उजव्या हाताचा पंजा काढायला लावायचे. "बोटं मोजू नका, शिरा बघा, हा पंजा अंगाच्या मानाने मोठा का केला असेल ते सांगा" हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की आता झोपेतही म्हणेन. तो पुठ्ठा अजून कपाटात आहे, कोपरे पिवळे पडलेत आणि मनगटापाशी पेन्सिलच्या रेघा उमटल्यात. बाबांनी तो पुतळा कधी समोर उभं राहून बघितलेला नाही. ते बघता येणं आणि व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपलचं मायकेलँजेलोने रंगवलेलं छत, या दोन गोष्टी मला पक्क्या हव्यात. बाकी काहीही कापावं लागलं तरी चालेल.

अडचण अशी की दीड वर्षापूर्वी त्यांचा डावा गुडघा बदललाय. सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं चालतात, मग दहा मिनिटं बसावं लागतं. कठडा धरून जिने चढतात पण उतरताना खूप त्रास होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रांगेत उभं राहणं. दोन वर्षांपूर्वी एका टूर कंपनीबरोबर सिंगापूरला गेलो होतो, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं देऊन "चला चला" करत होते, तिसऱ्या दिवसापासून बाबा बसमधून उतरलेच नाहीत. खिडकीतून हात करायचे. ते मला परत बघायचं नाहीये, म्हणून यावेळी सगळं स्वतः ठरवतेय.

आत्ताचा कच्चा प्लॅन असा आहे: मंगळवार आराम, बुधवारी सकाळी सेंट पीटर्स चर्च (मायकेलँजेलोचं पिएता शिल्प बघायला) आणि संध्याकाळी पँथिऑन, ट्रेव्ही. गुरुवारी व्हॅटिकन म्युझियम, शुक्रवारी कलोसियम. शनिवारी रेल्वेने फ्लॉरेन्स, रविवारी उफीझी चित्रसंग्रहालय, आणि सोमवारी आकादेमिया संग्रहालयात डेव्हिड, शनिवार-रविवारची गर्दी टाळावी म्हणून मुद्दाम सोमवार धरलाय. मुलाला पिसाचा मनोरा बघायचाय, तो मधे कुठे बसतो का? मंगळवारी व्हेनिस. तिथे पुलांना पायऱ्या आहेत म्हणे, तर बाहेर मेस्त्रे उपनगरात राहून रोज जाऊन-येऊन करावं का?

आता जेवणाचं. बाबा आणि मुलगा अंडं खातात, मी पण. आई अजिबात नाही, बेकरीतला केकसुद्धा विचारून घेते. पिझ्झा-पास्ता म्हणजे शाकाहारीच की, असं सगळे म्हणतात, पण मी वाचायला लागले तर त्यांच्या बऱ्याच चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं असं कळलं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग मी ब्रेड आणि फळं खाईन, तू माझं नको बघूस." हेच मला नकोय. नऊ दिवस ती ब्रेड खाऊन राहिली तर मला एकही गोष्ट बघवणार नाही. तिला बसून, गरम, पोटभर काय मिळेल ते सांगा. शिवाय या दिवसांत संकष्टी येतेय, आई ती सोडणार नाही, त्या दिवसाचं काय करावं?

सोबत काय न्यावं तेही सांगा. साजूक तुपाची बरणी आणि पेढे तिने आत्ताच यादीत लिहिलेत.

*

मिलानवासी:

ताई, आधी दोन वार बदला, नाहीतर बाबांचा डेव्हिड आणि पिएता दोन्ही हुकतील. आकादेमिया सोमवारी बंद असतं! उफीझीपण सोमवारी बंद. आणि बुधवारी सकाळी व्हॅटिकनमध्ये पोपच्या भेटीचा कार्यक्रम असतो, तो असला की सेंट पीटर्स सकाळी बंद ठेवतात आणि चौकात हीऽ गर्दी.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. बुधवारी कलोसियम, आणि त्याच्या जवळच सान पिएत्रो इन विंकोली नावाचं चर्च आहे, तिथे मायकेलँजेलोचा मोझेसचा पुतळा आहे. तिकीट नाही, पण दुपारी मधे बंद असतं म्हणून सकाळीच उरका. वाया काव्हूरकडून गेलात तर मोठा जिना लागतो, टॅक्सीवाल्याला थेट चर्चच्या दारात सोडायला सांगा. काकांना दाढीतली बोटं बघू दे, त्यांच्यासारख्या माणसाला तिथे अर्धा तास कमीच पडेल. गुरुवारी व्हॅटिकन म्युझियमचा सकाळचा पहिला स्लॉट. शुक्रवारी सकाळी लवकर सेंट पीटर्स, सातला उघडतं, आठच्या आत पोचलात तर रांग फारशी नसते. आत जायला पैसे नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलाला हाफ पँट नको. पिएता आत शिरल्या शिरल्या उजव्या हाताला आहे, काचेमागे. घुमटावर मात्र काकांनी जाऊ नये, लिफ्ट घेतली तरी पुढे ३२० पायऱ्या आहेत.

एक महत्त्वाचं, गुडघ्यात धातू आहे म्हणजे तपासणीच्या कमानीखाली आवाज येणार. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र जवळ ठेवा.

व्हॅटिकन म्युझियममध्ये सिस्टीन चॅपल अगदी शेवटी येतं, तिथपर्यंत लांबच लांब दालनं आहेत आणि सगळी बघायला गेलं की चॅपलपर्यंत माणूस दमून जातो. माझ्या सासऱ्यांचं तसंच झालं होतं, छताखाली पोचले आणि मान वर करायची ताकद उरली नाही. तिथे व्हीलचेअर मिळते, लाज न बाळगता घ्या. आणि चॅपलमध्ये भिंतीच्या कडेने बाक आहेत, जागा झाली की काकांना बसवा, बसून मान मागे टेकवून बघितलं की छत नीट दिसतं. फोटो काढू देत नाहीत. छत १५०८ ते १५१२ मधलं आणि समोरच्या भिंतीवरचं त्याचंच लास्ट जजमेंट हे चित्र त्यानंतर दोन-अडीच दशकांनी सुरू केलेलं, माणसांची अंगं कशी बदललीत ते काका तुम्हाला जास्त चांगलं सांगतील.

कलोसियमची तिकिटं अधिकृत साइटवर साधारण ३० दिवस आधी उघडतात आणि नावावर असतात, पासपोर्टवरचंच नाव टाका. मुलाला फुकट आहे पण त्याचंही तिकीट काढावं लागतं. आत लिफ्ट आहे. शेजारच्या फोरममधले (जुन्या रोमचे अवशेष) दगड मात्र फार वरखाली आहेत, ते काकांनी वरूनच बघावं.

फ्लॉरेन्सला शनिवारी दुपारी उफीझी, रविवारी सकाळचा पहिला स्लॉट डेव्हिड. १५०४ चा, सव्वापाच मीटरच्या आसपास उंच, वर चौथरा वेगळा, त्यामुळे पंजा डोळ्यांच्या वर येतो. त्याच दालनात मायकेलँजेलोने अर्धवट सोडलेले कैद्यांचे पुतळे आहेत, छिन्नीचे घाव जसेच्या तसे दिसतात, ते चुकवू नका. रविवारी दुपारी सांता क्रोचे, तिथे मायकेलँजेलोची समाधी आहे. मग सोमवार पिसाला मोकळा.

व्हेनिसला मेस्त्रे नको. पैसे वाचतील पण काकांची रोज दोन वेळा रेल्वेची चढउतार होईल, आणि रात्रीचं व्हेनिस राहूनच जाईल. सांता लुचिया स्टेशनच्या बाहेर डावीकडे लिस्ता दी स्पान्या रस्ता आहे, तिथलं हॉटेल घ्या, बॅगा घेऊन एकही पूल लागत नाही. स्टेशनसमोरून १ नंबरचा वापोरेत्तो (पाण्यावरची बस) पकडा, तो ग्रँड कॅनालमधून हळूहळू सान मार्कोपर्यंत जातो. एक फेरी ९.५० युरो, त्यापेक्षा २४ तासांचा पास २५ युरोचा, तोच घ्या. काका बसल्या जागी अख्खं शहर बघतील.

*

उकडपेंडी:

काकूंच्या जेवणाबद्दल लिहिते, मीपण अंडं न खाणारी आणि तीन वेळा जाऊन आलेय.

पहिलं म्हणजे तूप आणि पेढे काढून टाका, बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतलं तर काकूंना फार वाईट वाटेल. मेतकूट, भाजणी, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, लाडू करायचे तर तेलातले, हे सगळं चालतं.

चीजचं तुम्ही बरोबर वाचलंय. पार्मिजानो, ग्राना पादानो, पेकोरीनो तिन्हीत प्राण्याचं रेनेट, आणि ते पास्त्यावर न विचारता किसून घालतात. म्हणून "सेन्झा फोर्माज्जो" म्हणजे चीज नको, "सेन्झा उओवा" म्हणजे अंडं नको, हे कागदावर लिहून न्या, मी वेटरला कागदच दाखवायचे. ताजा पास्ता बहुतेक अंड्याचा असतो. वाळवलेला, स्पगेटी, पेन्ने वगैरे, फक्त गव्हाचा रवा आणि पाणी. तर स्पगेटी अल पोमोदोरो किंवा आल्यो ए ओल्यो (लसूण, तेल, मिरची, ही काकूंना नक्की आवडेल). पिझ्झ्यात मरिनारा मागा, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नसतंच मुळी. सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, विचारल्याशिवाय नको. पन्ना कोत्तामध्ये जिलेटिन, तिरामिसूमध्ये अंडं. आइस्क्रीमच्या दुकानात फळांचं सॉर्बेत्तो घ्या.

आता पोटभर आणि गरम. पिसाला गेलात तर चेचिना खाच, बेसन, पाणी, तेल, मीठ, मोठ्या तव्यावर भट्टीत भाजलेलं. मी पहिला घास घेतला आणि आईचं धिरडंच आठवलं, फक्त हिरवी मिरची नाही. वर मिरपूड घालून देतात. फ्लॉरेन्सला पाप्पा अल पोमोदोरो, म्हणजे शिळ्या पावाचा टोमॅटोतला गरगटा, आपल्या फोडणीच्या पावाचा लांबचा भाऊ. व्हेनिसकडे पोलेंता, मक्याच्या पिठाची उकडच ती, मऊसर मागा आणि सोबत भाजलेल्या भाज्या. रोममध्ये आटिचोकची भाजी पुदिना-लसणाची मिळते. प्रत्येक ठिकाणी लोणी किंवा चीज घातलंय का ते एकदा विचारा.

वेळा सांभाळा. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, मग स्वयंपाकघरं बंद, ती थेट साडेसातला उघडतात. चार वाजता काकूंना भूक लागली की पिझ्झा अल ताल्यो, वजनावर कापून देतात, त्यात बटाट्याचा पिझ्झा मिळतो. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी काही युरो लागतात, ती फसवणूक नाही, बसण्याचे आणि पावाचे पैसे आहेत.

आणि रोमला हॉटेलऐवजी छोटं स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, लिफ्ट आहे का ते आधी विचारा. टर्मिनी स्टेशनपासून जवळ पियात्सा व्हित्तोरिओकडे एस्क्विलिनोचा बाजार आहे, तिथे तांदूळ, डाळी, कोथिंबीर, मिरच्या, सगळं मिळतं. रात्री वरणभात झाला की दुसऱ्या दिवशी काकू जोमाने चालतात, हे मी माझ्या आईच्या बाबतीत बघितलंय.

*

धागाकर्ती:

मिलानवासी, तुमचे आभार कसे मानू कळत नाहीये. सोमवार बंद हे मी इतके दिवस साइट बघूनही वाचलं नव्हतं. बाबांना घेऊन बंद दारासमोर उभी राहिले असते या विचारानेच हात गार पडले. आत्ता रविवारचा सव्वाआठचा स्लॉट मिळाला, पैसे भरले. सोमवार पिसा, म्हणजे मुलगाही खूश आणि आईला चेचिना.

व्हीलचेअरबद्दल बाबांशी बोलले. आधी नको म्हणाले. मग म्हटलं, छताखाली दमून पोचायचंय का ताजे पोचायचंय, तर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तिथपर्यंत खुर्ची, तिथे गेल्यावर मी उठून उभा राहणार."

उकडपेंडी, रोमचं हॉटेल रद्द करून घर बघतेय, पहिल्या मजल्यावर लिफ्टवालं एक दिसतंय. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तिने तूप आणि पेढे यादीतून खोडले आणि तिथे भाजणी लिहिली. आल्यो ए ओल्यो दोनदा म्हणायला लावलं.

आता राहिली ती संकष्टी. ती फ्लॉरेन्सच्या मुक्कामात येतेय, तिथे हॉटेल आहे, स्वयंपाकघर नाही. दिवसभर फळं, दही, उकडलेले बटाटे जमतील, पण आई चंद्र बघितल्याशिवाय जेवत नाही आणि आपल्याकडच्या दिनदर्शिकेतली वेळ तिथे चालणार नाही. फ्लॉरेन्सची चंद्रोदयाची वेळ खात्रीने कुठे बघायची? आणि पूर्वेकडचं आकाश मोकळं दिसेल अशी, बाबांना फार चढावं न लागणारी जागा कोणती? पियात्साले मायकेलँजेलो या टेकडीवरच्या चौकाला बस जाते असं वाचलं, रात्री परतायला बस मिळते का, की टॅक्सी सांगून ठेवावी?