सोसायटीच्या अंतर्गत रस्त्यासाठी मिलिंग करावे की जुन्यावरच नवा थर टाकावा?

सचिव_पुणे३८ यांचा प्रश्न :

आमच्या सोसायटीचा अंतर्गत रस्ता साधारण 220 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद आहे. मूळ डांबरीकरण 2006 मध्ये झाले आणि त्यानंतर 2013 व 2019 मध्ये जुन्या थरावरच नवे थर चढवले गेले. आता पृष्ठभागावरची खडी सुटू लागली आहे, फाटकाजवळ जाळीसारख्या भेगा पडल्या आहेत, आणि रस्ता पार्किंगच्या उंबरठ्यापेक्षा सुमारे 3 सेंटीमीटर वर आल्यामुळे गेल्या पावसाळ्यात दोनदा पाणी आत शिरले. एका ठेकेदाराने थेट 40 मिलिमीटरचा नवा थर सुचवला आहे. दुसऱ्याने 40 मिलिमीटर मिलिंग करून, म्हणजे जुना थर यंत्राने खरवडून, तेवढाच थर टाकण्याचे अंदाजपत्रक दिले आहे, जे अर्थातच जास्त आहे. मिलिंग केल्याने पार्किंगच्या पाण्याचा प्रश्न सुटेल असे सभासदांना वाटते. हा जादा खर्च योग्य आहे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_उपअभियंता :

सर्वप्रथम एक गणित लक्षात घ्यावे. 40 मिलिमीटर खरवडून 40 मिलिमीटरच टाकल्यास रस्त्याची पातळी होती तिथेच राहते, त्यामुळे दुसऱ्या अंदाजपत्रकानेही पार्किंगमधले पाणी थांबणार नाही. पातळी खाली आणायची असेल तर जेवढे टाकायचे त्यापेक्षा जास्त काढावे लागते, आणि किती काढता येईल हे आज रस्त्यात डांबराची एकूण जाडी किती आहे यावर ठरते. ती जाडी दोन्हीपैकी कोणत्याही ठेकेदाराने मोजलेली दिसत नाही.

म्हणून यंत्र बोलावण्यापूर्वी तीन ठिकाणी फूटभर चौकोनी चाचणी खड्डे घ्यावेत : एक फाटकाजवळ भेगांच्या जागी, एक मध्यावर आणि एक शेवटच्या टोकाला. प्रत्येक थराची जाडी पट्टीने मोजावी, आणि खालचे खडीकरण व मुरूम कोरडे आहेत की ओले, हेही पाहावे. केवळ वरची खडी सुटणे हा पृष्ठभागाचा आजार आहे. डांबर जुने होऊन कडक झाले की असे होते आणि मिलिंग हा त्यावरचा नेमका उपाय आहे. मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा मात्र बहुतेक वेळा खालचा पाया खचल्याचे लक्षण असतात. तिथे वरचे 40 मिलिमीटर बदलणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला नुसता रंग देणे होय. एक-दोन पावसाळ्यांत त्याच भेगा नव्या थरातून वर येतात.

दुसरी गोष्ट, जी अंदाजपत्रकात कधीच लिहिलेली नसते. मिलिंगनंतर जुन्या थराचा 10-15 मिलिमीटरचा पातळ पापुद्रा शिल्लक राहू देऊ नये. तो खालच्या थराला नीट चिकटलेला नसेल तर नव्या थरासकट सुटून येतो. त्यामुळे खोली ठरवताना दोन थरांमधला सांधा कुठे आहे ते पाहून त्याच्या थोडे खाली जावे.

खडीवाला_सातारा :

मी ठेकेदाराकडे पर्यवेक्षक म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. उपअभियंता साहेबांच्या मताशी सहमत आहे. कामाच्या बाजूने थोडी भर घालतो.

मिलिंग यंत्राच्या ढोलावर टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचे दात असतात. ते डांबर खरवडतात आणि पट्ट्यावरून माल पुढच्या डंपरमध्ये पडतो. महामार्गावरचे दोन मीटर रुंदीचे यंत्र पंचवीस टनांच्या आसपास असते आणि सोसायटीच्या वळणांवर ते फिरतच नाही. अर्धा किंवा एक मीटर रुंदीचे यंत्र मागवावे. ते ट्रेलरवरून आणण्या-नेण्याचा खर्च काम लहान असो वा मोठे, तेवढाच असतो. तुमच्या अंदाजपत्रकात तो वेगळा दाखवायला सांगा, म्हणजे दर का चढला ते कळेल. चेंबरच्या भोवतीचा फूटभर भाग यंत्राला घेता येत नाही, तो ब्रेकरने काढावा लागतो. चेंबरच्या चौकटीही नव्या पातळीला आणाव्या लागतात. याचा उल्लेख कागदावर नसेल तर ते काम हमखास राहते.

खरवडल्यावर पृष्ठभागावर बारीक खाचा राहतात. नव्या थराची पकड त्यांच्यामुळे चांगली बसते, पण त्या खाचांत धूळ राहिली तर पकड उरत नाही. झाडून, हवेच्या झोताने साफ करून मगच इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) टॅक कोट, म्हणजे थर चिकटवणारा पातळ हात द्यावा, चौरस मीटरला 0.2 ते 0.3 किलो. तो तपकिरी असेपर्यंत वर माल टाकू देऊ नका. काळा झाला म्हणजे त्यातले पाणी निघून गेले. व्हीजी-30 या प्रतीच्या डांबराचा माल पसरवताना तापमान 140 अंशांच्या खाली नसावे आणि रोलिंग 90 अंशांच्या आत जाण्यापूर्वी पूर्ण व्हावे. साधा तापमापक विकत घ्या आणि प्रत्येक डंपर आला की मालात खुपसून बघा. एवढ्या एका गोष्टीने ठेकेदाराची वागणूक बदलते, हे मी पलीकडच्या बाजूने अनुभवले आहे.

आणखी एक. तुमच्या पूर्ण रस्त्यावरून 40 मिलिमीटर काढले तर सुमारे 53 घनमीटर, म्हणजे जवळपास 120 टन माल निघतो. त्यात खडी आणि डांबर दोन्ही असल्याने त्याला किंमत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने अशा मालाच्या पुनर्वापरासाठी वेगळी मार्गदर्शिकाच काढली आहे. तो माल कोणाचा, हे करारात लिहून घ्या आणि ठेकेदार नेणार असेल तर त्याचा दर वजा करून मागा.

चेन्नईवासी_मराठी :

आमच्याकडे हा प्रश्न शहरभर झाला होता. थरावर थर चढत गेल्याने जुनी घरे रस्त्याच्या खाली गेली आणि पावसाचे पाणी थेट दिवाणखान्यात येऊ लागले. अखेर 2021 मध्ये तामिळनाडूच्या मुख्य सचिवांनी जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू नये, असे निर्देश दिले. पहिल्या ठेकेदाराचा पर्याय तुम्ही कृपया बाजूलाच ठेवावा.

सचिव_पुणे३८ :

सर्वांचे आभार. रविवारी तिन्ही खड्डे घेतले. फाटकाजवळ डांबराची एकूण जाडी 115 मिलिमीटर निघाली (खालून 40, मग 35, वर 40), परंतु खालचा मुरूम चिखलासारखा ओला होता. शेजारच्या पाण्याच्या वाहिनीचा सांधा गळत असल्याचे प्लंबरने दाखवले. मध्यावर जाडी 110 मिलिमीटर आहे आणि खाली सर्व कोरडे आहे. शेवटच्या टोकाला फक्त 50 मिलिमीटर आहे, आणि तिथे पार्किंगही नाही. आता काय करावे?

निवृत्त_उपअभियंता :

आधी गळती बंद करावी. भेगांचा भाग चौकोनी कापून ओला मुरूम पूर्ण काढावा, डब्ल्यूएमएम (पाणी घालून मिसळलेली लहान-मोठी खडी) थराथराने दाबून भरावे आणि तिथे डांबर पुन्हा शेजारच्या पातळीपर्यंत आणावे. त्यानंतर फाटकापासून मध्यापर्यंत 80 मिलिमीटर मिलिंग करून 40 मिलिमीटर टाकले की पातळी 4 सेंटीमीटर खाली येते. अडीच टक्के आडवा उतार ठेवल्यास रुंदीच्या मध्यापासून कडेपर्यंत आणखी साडेसात सेंटीमीटरचा उतार मिळतो, तो गटाराकडे जातो की पार्किंगकडे हे मात्र जागेवर दोरी लावून तपासावे. शेवटच्या टोकाला एवढी खोली घेतल्यास यंत्र खडीत जाईल, म्हणून तिथे मिलिंग न करता केवळ थर टाकावा. जिथे दोन्ही भाग मिळतात तिथे खोली 10-12 मीटरमध्ये हळूहळू कमी करत न्यावी, अन्यथा गाडीला धक्का बसेल. हे सर्व मे महिन्याच्या मध्यापूर्वी आटोपावे, आणि वाहिनी दुरुस्त केल्यावर खड्डा भरण्याआधी दोन दिवस तो उघडा ठेवून सांधा खरोखर कोरडा राहतो का, ते पाहावे.