शब्दचर्चा : पोर्तुगालचं निशाण, बावटा की राष्ट्रध्वज? आणि त्यावरचा तो 'गोल'

शब्दवेल्हाळ :

शाळकरी मुलांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. विषय युरोपातल्या देशांचे झेंडे, जुने आणि आताचे. बाकीची पानं सरसर झाली, पोर्तुगालपाशी मात्र आठ दिवस अडून बसले आहे. अडचण दोन शब्दांची आहे.

पहिली अशी. मूळ मजकुरात बाराव्या शतकापासून आजपर्यंतच्या प्रत्येक झेंड्याला एकच शब्द वापरलाय. मीही पहिल्या खर्ड्यात सगळीकडे 'राष्ट्रध्वज' लिहून मोकळी झाले. नंतर वाचताना ते खटकायला लागलं. ११८५ साली गादीवर आलेल्या सांशो राजाची खूण म्हणजे पांढऱ्यावर पाच निळ्या ढाली आणि प्रत्येक ढालीवर पांढरे ठिपके. ते कापड देशाचं नव्हतं, राजाचं होतं. पुढे तिसऱ्या आफोंसोने १२४८ च्या सुमारास त्याभोवती किल्ल्यांची लाल किनार घातली. १३८५ ला जुआंव पहिला आला, तो आविश नावाच्या लढवय्या ख्रिस्ती पंथाचा प्रमुख, म्हणून मागे त्या पंथाचा हिरवा क्रूस आला. बरोबर शंभर वर्षांनी, १४८५ ला, दुसऱ्या जुआंवने तो क्रूस काढून टाकला आणि कडेच्या दोन आडव्या ढाली उभ्या केल्या. राजा बदलला की कापड बदललं. याला राष्ट्रध्वज कसं म्हणायचं?

दुसरी अडचण आताच्या झेंड्यावरच्या पिवळ्या गोलाची. मी 'पृथ्वीचा गोल' असं लिहिलं होतं. काल चित्र मोठं करून नीट पाहिलं आणि स्वतःचीच ओळ खोडली. त्यात ना जमीन आहे ना समुद्र. तो पोकळ आहे. नुसती कडी एकमेकांत अडकवलेली, आणि एक रुंद पट्टा तिरपा गेलेला. पृथ्वी नक्कीच नव्हे. मग मराठीत काय म्हणायचं? जाणकारांनी सांगावं.

खलाशी :

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. आमच्याकडे किनाऱ्यावर 'बावटा' आणि 'झेंडा' हे एक नाहीत. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणतात ना, तेव्हा तिथे दिवसा कापड नसतंच मुळी. काळे शंकू आणि पिंपासारखे आकार टांगतात, रात्री दिवे. तरी शब्द बावटाच. कारण बावटा हुकूम देतो किंवा खबर देतो. होडी काढू नका, वादळ आहे. गार्डाचा हिरवा बावटा म्हणजे गाडी सोडा. युनियनचा लाल बावटा म्हणजे काम बंद, इकडे या.

म्हणून पोर्तुगीज गलबतांवर जो पांढऱ्यावरचा लाल क्रूस असे, त्याला मी बावटा म्हणेन. लांबून जहाज कोणाचं हे दुसऱ्याला कळावं म्हणून तो होता. राजवाड्यावर काय होतं ते वेगळं.

मोडीप्रेमी :

खलाशीदादांचं पटतं. राजाच्या कापडाला मात्र 'निशाण' हाच शब्द. फारसीत निशान म्हणजे खूण. मराठी फौजेत निशाणबरदार असायचा. निशाण पडलं की फौज उधळली, कारण धनी कुठे आहे ते त्यावरून कळे. सांशोच्या पाच ढालींना हे अगदी लागू आहे.

आणि एक गंमत बघा. आपल्याकडे 'ढाल' या शब्दालाच निशाणाचा अर्थ आहे. अंगावर वार झेलायची ती ढाल, आणि हत्तीवर चालणारं मोठं निशाण तेही ढाल. तो हत्ती म्हणजे ढालगज. आज 'ढालगज' म्हटलं की लोकांना फक्त 'ढालगज भवानी' आठवते, पण मुळात तो निशाणाचा हत्ती, सगळ्यांच्या पुढे चालणारा. पोर्तुगालमध्ये ढालीवरची खूण कापडावर गेली, आपल्याकडे कापडालाच ढाल म्हणाले. मुलांना हे जरूर सांगा.

संस्कृतात आणखी मागे जा. 'ध्वज' म्हणजे काठीच्या टोकावरची खूण आणि 'पताका' म्हणजे कापड, असा भेद होता. म्हणून अर्जुन कपिध्वज, विष्णू गरुडध्वज, मदन मकरध्वज. ध्वजावरून माणूस ओळखायचा, देश नव्हे.

बाकी मुलांच्या पुस्तकात एवढी फोड कशाला, असंही वाटतं. सरळ सगळीकडे 'झेंडा' लिहा. ऐकायला गोड आहे आणि कुठेच चुकत नाही.

शब्दवेल्हाळ :

मोडीप्रेमी, ढालगज फारच आवडला, तो चौकटीत घालते. 'सगळीकडे झेंडा' हे मात्र मला मान्य नाही. मुलांना शब्द कमी दिले तर त्यांना फरकही कमी दिसतात. पोर्तुगालमध्ये १८३२ ते १८३४ दोन भावांत यादवी झाली. दों मिगेलकडे जुना पांढरा, मुकुट आणि राजचिन्ह असलेला. दों पेद्रोच्या उदारमतवाद्यांकडे निळा-पांढरा. हा निळा-पांढरा १८३० साली आझोरेशमधल्या तर्सेइरा बेटावर ठरला, त्याच्या मुलीच्या, छोट्या मारिया राणीच्या नावाने. ते रंग मात्र तिचे नव्हते. १८२१ मध्येच पोर्तुगालच्या संसदेने निळी-पांढरी फीत टोपीवर लावायला ठरवून दिली होती. म्हणजे पहिल्यांदाच रंग राजाच्या घरातून नाही, सभेतून आले. 'निशाण' जिथे संपतं आणि 'राष्ट्रध्वज' जिथे सुरू होतो तो सांधा मला इथे दिसतो. हे 'झेंडा' या एका शब्दात कसं मावणार?

(लिहिता लिहिता लक्षात आलं, 'फीत' हा शब्दच आपण पोर्तुगीजांकडून घेतलाय.)

गोलाबद्दल अजून कोणी बोललं नाही.

पंचांगवाले :

गोलाचं मी सांगतो. त्याला मराठीत नवीन शब्द पाडायची काहीच गरज नाही. ते गोलयंत्र आहे. आपल्या ज्योतिषग्रंथांत ते शतकानुशतकं आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त गोलाध्याय आहे आणि त्यात 'गोलबंध' म्हणून स्वतंत्र प्रकरण, म्हणजे गोल बांधायचा कसा ते. बांबूच्या सरळ, गुळगुळीत कामट्या घ्यायच्या, वाकवून त्यांची वलयं करायची, त्यांवर अंशांच्या खुणा करायच्या आणि मधोमध लाकडी आस. तुम्हाला कडी दिसली ना, तीच ही वलयं. तो रुंद तिरपा पट्टा म्हणजे क्रांतिवृत्त, सूर्याची वर्षभराची वाट. मधलं आडवं ते नाडीवलय किंवा विषुववृत्त. ही आकाशाची प्रतिकृती आहे. पृथ्वी असलीच तर मध्यावर, टिंबाएवढी.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. तिथल्या पोरांनी कामट्यांचे गोल बांधले असतील तेव्हा पोर्तुगालच्या निशाणावर गोल यायला अजून तीनशे वर्षं होती.

शब्दवेल्हाळ :

पंचांगवाले काका, मनापासून आभार. इतका हाताशी असलेला शब्द मला कसा सुचला नाही!

एक भर घालते. 'आर्मिलरी स्फिअर' या युरोपीय नावातला पहिला भाग लॅटिन 'आर्मिला'वरून येतो आणि आर्मिला म्हणजे हातातलं कडं. आपलं 'वलय'ही संस्कृतात आधी बांगडीच. दोन्हीकडच्या लोकांना ते यंत्र बघून हातातलं कडंच आठवलं! म्हणून क्षणभर 'वलयगोल' असा शब्द करावासा वाटला. पण चालता शब्द असताना आपला नवा घुसवायचा नाही, हा माझा नेम आहे. गोलयंत्रच.

दिवाडकार :

मी गोव्याचा, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

हा गोल दों मानुएल राजाचा. वास्को द गामा कालिकतला आला, आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, ते सगळं याच्याच राज्यात. गोल ही त्याची वैयक्तिक खूण. मोडीप्रेमींच्या हिशोबाने त्याला 'गोलध्वज' म्हणा हवं तर. बघायचा असेल तर लिस्बनला जायला नको. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चचं दार बघा. चर्च १६६१ चं, पण दार आधीच्या इमारतीचं राखून ठेवलेलं आहे, मानुएलच्या काळच्या शैलीतलं. भोवतीच्या पांढऱ्या चुन्यात ती दगडी चौकट वेगळी उठून दिसते. क्रूस आहे आणि गोलही आहेत. लोक शेजारच्या संग्रहालयात जायच्या घाईत असतात, दाराशी कोणी थांबत नाही. मी भाच्याला उचलून धरला होता, तो म्हणाला, "मामा, दगडाचा कांदो!" कड्यांचे थर त्याला कांद्याच्या पापुद्र्यांसारखे दिसले.

दुसरी गोष्ट शब्दाची. झेंड्याला पोर्तुगीजमध्ये 'बांदेइरा'. कोकणीत आम्ही रोज 'बावटो'च म्हणतो. पण तो परका शब्द एका जागी राहिला, आमच्या दिवाडी बेटाला. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी 'बोंदेरां' असतं. वाड्यावाड्यांत जमिनीच्या हद्दीवरून भांडणं व्हायची, म्हणून पोर्तुगीजांनी हद्दीवर झेंडे रोवून दिले. लोकांनी दगड मारून ते पाडले. आता त्याचा सण झालाय, मिरवणूक निघते आणि पोरं बांबूच्या नळीतून फळं उडवून झेंडे पाडतात. बांदेइराचं बोंदेरां झालं, आणि अर्थ उरला 'पाडायचा झेंडा'.

आणि पुस्तिकेत गोवा येणार असेल तर एक वाक्य हवंच. आमच्या आजोबांच्या पिढीने निळा-पांढराही पाहिला आणि हिरवा-लालही. १५ ऑगस्ट १९५४ ला तेरेखोलच्या किल्ल्यावर सत्याग्रह्यांनी तिरंगा फडकवला, आणि १९ डिसेंबर १९६१ ला हिरवा-लाल गोव्यातून कायमचा उतरला. त्या दिवसाबद्दल घरी कोणी 'ध्वज' म्हणत नाही. "बावटो देंवलो" म्हणतात.

खलाशी :

"बावटो देंवलो" वाचून अंगावर काटा आला. म्हणजे माझा बावटा फक्त बंदरावरचा नाही.

मोडीप्रेमी :

माझं 'झेंडा'चं म्हणणं मागे घेतो. दिवाडकारांनी सांगितलेला 'बावटो' तसाच ठेवा, त्याचा ध्वज करू नका.

ढालींवरच्या पाच ठिपक्यांना काय म्हणणार? ऐकलंय की पोर्तुगीज त्या ढालींना 'किना' म्हणतात, पाचाचा गट म्हणून, आणि त्यांच्या फुटबॉल संघालाही त्यावरूनच ओळखतात.

शब्दवेल्हाळ :

हो, किना म्हणजे पाचांचा संच. आताच्या प्रत्येक ढालीवर ठिपके फाश्यावरच्या पाचासारखे, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. 'पंचक' लिहिलं होतं, पण आपल्याकडे पंचक म्हटलं की घरात कोणी गेलं आणि पंचक लागलं हेच आठवतं. त्यापेक्षा पत्त्यांतली 'पंजी' बरी. पंजीवरच्या बदामांची मांडणी अगदी तशीच असते, आणि मुलांना ती पाठ असते. या ढालींची दंतकथा ११३९ च्या ओरिकच्या लढाईची आहे, पाच मूर, म्हणजे तिथल्या मुसलमान, राजांना हरवलं म्हणून पाच ढाली. ती 'म्हणतात' या शब्दासह देते, इतिहास म्हणून नाही.

रंगांचंही तसंच. 'हिरवा आशेचा, लाल रक्ताचा' हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते नंतर रुळलेलं स्पष्टीकरण आहे. हे रंग प्रजासत्ताकवाद्यांचे होते. ३१ जानेवारी १८९१ ला पोर्तो शहरात त्यांचा उठाव फसला, तेव्हा त्यांच्याकडे हेच रंग होते. ५ ऑक्टोबर १९१० ला राजेशाही गेली. नवा झेंडा ठरवायच्या समितीत कोलुंबानो बोर्दालो पिन्येइरो हे चित्रकार होते. गेरा झुंकेइरोसारख्या कवीला मुकुट काढून निळा-पांढराच ठेवायचा होता, आणि मला त्याचं दुःख समजतं. ऐंशी वर्षांचे रंग एका घोषणेत पुसायचे म्हणजे काही थोडं नाही. शेवटी हिरवा-लाल ठरला, जून १९११ मध्ये कायद्याने पक्का झाला. आणि मानुएलचा गोल, जो १८१६ ला ब्राझीलच्या जोड-राज्यासाठी परत आला होता आणि १८२६ ला पुन्हा गेला होता, तो तिसऱ्यांदा आला. या वेळी राजाशिवाय.

तर पानावर आता असं आहे, चुकलं असेल तर आजच सांगा :

"सांशो राजाचं निशाण : पांढऱ्यावर पाच निळ्या ढाली, प्रत्येकीवर पांढरे ठिपके. दर्यावर्दी गलबतांचा बावटा : पांढऱ्यावर लाल क्रूस. १९११ पासूनचा राष्ट्रध्वज : काठीकडचे दोन भाग हिरवे, पुढचे तीन भाग लाल, आणि दोन्ही रंग मिळतात त्या रेघेवर पिवळं गोलयंत्र, त्यावर जुन्याच पाच ढाली, आता प्रत्येकीवर पंजीसारखे पाच ठिपके."

पंचांगवाले :

बरोबर आहे. फक्त गोलयंत्राच्या चित्राला एक बाण काढा आणि तिरप्या पट्ट्याला 'क्रांतिवृत्त' असं नाव लिहा. भूगोलात मुलांना नुसती व्याख्या पाठ करावी लागते, इथे तो पट्टा डोळ्यांनी दिसेल. आणि कडेला बांबूच्या कामट्यांचं चित्र टाकता आलं तर टाकाच. तीन वलयांत होतं, घरी करून बघता येईल.

शब्दवेल्हाळ :

बाण काढला. कामट्या बुरूडआळीतून आणल्या आहेत, उद्या आधी स्वतः बांधून बघते, मग चित्रकाराला देते. दिवाडकार, त्या दाराचा फोटो मिळेल का? भाचा उचललेलाही चालेल, पण त्याचा चेहरा दिसू देऊ नका.