चोपडा ते चोपडा, पूर्वेकडून: पृथ्वीप्रदक्षिणेच्या तिकिटाबद्दल सल्ला हवा

भूगोलगुरुजी (चोपडा)

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं भूगोल शिकवला आणि मागच्या वर्षी निवृत्त झालो. आंतरराष्ट्रीय वाररेषा फळ्यावर किती वेळा काढली असेल याची मोजदाद नाही. आता ती एकदा स्वतः ओलांडायची आहे, सौ.ला बरोबर घेऊन.

मुलगी टोरंटोला असते, म्हणजे तिकडे जायचं आहेच. मग मुंबईहून सरळ जाऊन सरळ परत येण्याऐवजी पूर्वेकडून निघावं आणि पश्चिमेकडून घरी यावं, असं मनात आहे. ग्रॅच्युइटीतले 12 लाख यासाठी बाजूला ठेवलेत. खाणं, राहणं, व्हिसे सगळं त्यातच. आखाजी (अक्षय तृतीया) झाली की निघायचं आणि कानबाईच्या (श्रावणातला आमचा खान्देशी सण) आत परतायचं, कारण आमच्या घरी तेव्हा रोट असतात आणि ते सौ. चुकवणार नाही. म्हणजे हातात अडीच-तीन महिने.

विमान कंपन्यांच्या गटाचं एकच 'राउंड द वर्ल्ड' तिकीट मिळतं असं वाचलं. ते खरंच स्वस्त पडतं का? कोणत्या गटाचं घ्यावं? मनातला मार्ग: मुंबई, सिंगापूर, टोकियो, सॅन फ्रान्सिस्को, टोरंटो, फ्रँकफर्ट, मुंबई. जमलं तर न्यूझीलंडही.

साक्री_ते_सिंगापूर

गुरुजी, मी आणि बायको चार वर्षांपूर्वी असंच फिरून आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या कामाचे गट दोन. स्टार अलायन्समध्ये एअर इंडिया, सिंगापूर एअरलाइन्स, जपानची एएनए, युनायटेड, एअर कॅनडा, लुफ्थान्झा आहेत. वनवर्ल्डमध्ये कतार, जपान एअरलाइन्स, कॅथे, अमेरिकन, ब्रिटिश एअरवेज वगैरे. स्टारचं तिकीट मैलांवर चालतं: 29,000, 34,000 आणि 39,000 असे एकूण मैलांच्या मर्यादेचे टप्पे. वनवर्ल्डच्या 'एक्सप्लोरर' तिकिटाची किंमत किती खंडांना पाय लावणार यावर ठरते. बाकी नियम बरेचसे सारखे. एकाच दिशेने जायचं, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच ओलांडायचे, निघाल त्याच देशात परत यायचं, जास्तीत जास्त 16 उड्डाणं, मुदत कमीत कमी 10 दिवस आणि जास्तीत जास्त एक वर्ष. खंडाच्या आत थोडं मागेपुढे चालतं.

तुमचा मार्ग मोजला. मुंबई-सिंगापूर सुमारे 2,430 मैल, सिंगापूर-टोकियो 3,330, टोकियो-सॅन फ्रान्सिस्को 5,125, तिथून टोरंटो 2,255, टोरंटो-फ्रँकफर्ट 3,950 आणि फ्रँकफर्ट-मुंबई 4,080. बेरीज 21,200 च्या आसपास. म्हणजे 29,000 च्या टप्प्याचे पैसे भरून जवळपास 7,800 मैल वाया. सिंगापूरहून ऑकलंड आणि तिथून टोकियो केलंत तर बेरीज 28,500 च्या वर जाते, म्हणजे बसतं, पण अगदी काठावर. एखादा टप्पा रेल्वेने किंवा गाडीने केला तरी स्टारच्या तिकिटात तेवढे मैल धरले जातात, हे ध्यानात असू द्या.

पण माझं ठाम मत सांगतो: मैल आणि भाडं नंतर, आधी व्हिसे. आपल्या पासपोर्टावर मार्ग व्हिसे ठरवतात. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो, आणि मुंबईत मुलाखतीची तारीख मिळायला कितीतरी महिने जाऊ शकतात. म्हणून सुरुवात तिथून. कॅनडाचा अर्ज त्याच्याबरोबर. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी घेत नाहीत आणि तो राहत्या देशातूनच करायचा असतो; टोरंटोला जाऊन तिथे करू असं मनात धरू नका. जपानचा एका प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीनच महिने चालतो. आता बघा, जपान आधी आणि युरोप शेवटी, हा तुमचा पूर्वेचा क्रम आपोआप बरोबर बसतो. पश्चिमेकडून निघाला असतात तर जपानला पोचेपर्यंत तो व्हिसा संपत आला असता.

केळीबाग_रावेर

मी उलट सांगतो. सहा मुक्कामांसाठी हे तिकीट घेऊ नका. ते शोभतं दहा-बारा ठिकाणं करणाऱ्याला, नाहीतर दक्षिण अमेरिका, आफ्रिका अशा महागड्या उड्डाणांना. सिंगापूर, टोकियो इथपर्यंत स्वस्त कंपन्या भरपूर आहेत. टोकियोहून सॅन फ्रान्सिस्कोला झिपएअर जाते. टोरंटोहून युरोपमार्गे मुंबई हे एक वेगळं तिकीट. मी भावासाठी असे तुकडे जोडून दिले होते.

यात बॅग आणि जेवणाचे पैसे वेगळे लागतात. आणि एक विमान उशिरा आलं म्हणून दुसरं चुकलं तर कोणी विचारत नाही, म्हणून मध्ये दोन-दोन दिवस ठेवायचे. तुमच्याकडे वेळ आहे, ते जमेल.

गुरुजी, दोन्ही पद्धतींचा हिशोब एकाच दिवशी, करांसकट, कागदावर मांडा. कर या तिकिटात वेगळे असतात आणि ते थोडेथोडके नसतात. तिकिटांवर बजेटच्या निम्म्याहून जास्त जात असेल तर तो मार्ग सोडा.

भुसावळ_जंक्शन

एक धोका कोणी सांगितला नाही. या तिकिटाचे टप्पे ठरल्या क्रमानेच वापरावे लागतात. मी युरोपात एका उड्डाणाऐवजी मित्रांबरोबर रेल्वेने गेलो आणि कंपनीला कळवलं नाही. त्यांनी मला गैरहजर धरून पुढची सगळी उड्डाणं रद्द केली. विमानतळावर दोन दिवस गेले, वर दंड भरला तेव्हा तिकीट पुन्हा उभं राहिलं. बेत बदलला तर आधी फोन करा, मग काय ते. त्याच वर्गात जागा असेल तर तारीख बदलायला सहसा पैसे पडत नाहीत, मार्ग बदलला की पडतात.

आणि जळगावच्या विमानतळावरून अलायन्स एअरने मुंबई गाठू, ते यातच येईल असं कोणाला वाटत असेल तर येत नाही. नावात अलायन्स आहे एवढंच; ती स्टार अलायन्समध्ये नाही. इंडिगोही कुठल्या गटात नाही. मुंबईपर्यंत आपली रेल्वेच बरी, आणि एक दिवस आधी निघा.

अमळनेरची_लेक

सर, काकूंचं काय? गुडघे, बीपी, साखर यातलं काही आहे का? मी आईला घेऊन जपान आणि कॅनडा केलंय, त्यावरून लिहिते.

पूर्वेकडे जाताना प्रत्येक टप्प्यावर दिवस लहान होतो, आणि झोप पश्चिमेच्या प्रवासापेक्षा जास्त बिघडते. टोकियो ते सॅन फ्रान्सिस्को हा टप्पा सगळ्यात कठीण जातो. तिथे उतरल्यावर तीन दिवस काहीच ठरवू नका. न्यूझीलंड मी काढूनच टाकलं असतं: सिंगापूर-ऑकलंड दहा तास आणि ऑकलंड-टोकियो पुन्हा तेवढेच, शिवाय आणखी एक व्हिसा.

औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. आपल्याकडे सर्दी-खोकल्यावर सहज मिळणाऱ्या काही गोळ्या जपानमध्ये चालत नाहीत, नावं आधी तपासा. विमा शेंगेनसाठी निदान 30,000 युरोंचा लागतोच, पण तेवढ्यावर थांबू नका. जुने आजार अर्जात लिहा, अमेरिकेचा दवाखाना परवडत नाही.

खाण्याचं: कळण्याचं पीठ, लसणाची चटणी, बिबडे न्या, पण उतरल्यावर फॉर्मवर सगळं लिहा. न्यूझीलंडला गेलातच तर न सांगितलेल्या एका फळालाही तिथल्या तिथे 400 डॉलर दंड होतो.

आणि आखाजीनंतर निघताय ते फार छान. मेच्या पहिल्या आठवड्यात जपानमध्ये सुट्ट्यांची गर्दी असते, ती ओसरल्यावर जा. हवा उत्तम असते आणि जूनचा पाऊस लागायचा असतो.

भूगोलगुरुजी (चोपडा)

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस वही घेऊन बसलो होतो.

विषुववृत्ताचा घेर 40,075 किलोमीटर, म्हणजे सुमारे 24,900 मैल. आमची प्रदक्षिणा 21,200 मैलांची, तरीही पूर्ण प्रदक्षिणाच, कारण आम्ही उत्तरेकडून चाललोय आणि तिकडे अक्षवृत्तं लहान होत जातात. मुलांना हे पृथ्वीगोलाला दोरा गुंडाळून दाखवायचो.

केळीबागभाऊंनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही हिशोब एकाच दिवशी मांडले. फक्त सहा उड्डाणं धरली तर तुकड्यांची तिकिटं स्वस्त पडतात. पण एकाच तिकिटासाठीचे जादा पैसे सौ.च्या मते द्यावेत असेच आहेत, कारण टोरंटोला नात आहे आणि तिथून कधी पाय निघेल ते आज सांगता येत नाही. तारखा सरकवता येणं आम्हाला हवंय. न्यूझीलंड सोडलं, तिला दहा तास एका जागी बसवत नाही. त्याऐवजी सॅन फ्रान्सिस्कोहून मेक्सिको सिटीला जाऊन मग टोरंटो, असं केलं तर फक्त 1,650 मैल वाढतात आणि 29,000 चाच टप्पा राहतो. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोला वेगळा लागत नाही, हे मुलीने शोधून काढलं. करांसकट तिकिटं निम्म्याच्या आत बसतायत.

टोकियोहून संध्याकाळी निघून सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेच्या सकाळी उतरणारं विमान आहे. ते सोडणार नाही.

अमेरिकेच्या व्हिसाचे पैसे काल भरले. मुलाखतीची तारीख मिळाली की इथेच कळवतो, तोवर तिकीट काढत नाही.

केळीबाग_रावेर

गुरुजी, बेस शे. जाई या! आणि मेक्सिकोत केळी कशी लावतात त्याचे फोटो तेवढे टाका इथे.