मर रोगाच्या बुरशीवर मातीतला जिवाणू कसा निवडावा?

रोपवाटिका: फ्युजॅरियमच्या मर रोगावर चालेल असा जिवाणू वेगळा करायचा आहे. ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर हाताशी आहेत. माती कुठली घ्यावी, पहिली चाळणी कशी लावावी?

पेट्रीप्लेट: आजूबाजूची झाडं मरत असताना जे ठणठणीत उभं आहे, त्याच्या मुळांना चिकटलेली माती घ्या. १० ग्रॅम माती ९० मिलि निर्जंतुक सलाइनमध्ये अर्धा तास हलवा, मग दहा-दहा पटीने पातळ करत १०⁻⁶ पर्यंत जा. शेवटच्या तीन पातळ्यांचं ०.१ मिलि प्लेटवर पसरा.

असे तीन गट उपयोगी: बॅसिलस, स्ट्रेप्टोमायसीस आणि स्यूडोमोनास हे जिवाणू. बॅसिलस हवा तर सलाइनमधली माती आधी ८०° सें.ला १० मिनिटं तापवा, बीजाणू तेवढे तगतात. स्ट्रेप्टोमायसीससाठी माती सावलीत सुकवून स्टार्च-केसीन अगारवर २८° ला ७ ते १४ दिवस ठेवा. खडूसारख्या कोरड्या, अगारात रुतलेल्या वसाहती त्याच्या. स्यूडोमोनाससाठी मात्र ताजी माती आणि किंग्ज बी माध्यम. तापवणं-सुकवणं अजिबात नको.

चाळणीला पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज अगार) प्लेटच्या मधोमध बुरशीची ५ मिमी चकती, ३ सेंमीवर जिवाणूची रेघ. स्ट्रेप्टोमायसीसची रेघ ३-४ दिवस आधी ओढा, नाहीतर तो जागा होईतो बुरशी प्लेट व्यापते.

रोपवाटिका: काही रेघांजवळ स्वच्छ पट्टा आलाय. आता थेट कुंडीत?

मुळाशी: घाई नको. पट्टा म्हणजे बुरशीनाशक संयुग असंच नाही. माध्यमात १०० मायक्रोमोलर फेरिक क्लोराइड घालून चाचणी पुन्हा लावा. पट्टा गेला, तर जिवाणू बहुधा फक्त लोह पळवत होता. टिकला, तर ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळलेला द्रव तपासा. त्याचा सामू (पीएच) पण मोजा, कारण नुसत्या आम्लानेही बुरशी दबते. बॅसिलसचं इट्युरिन, फेन्जायसिन (बुरशीनाशक संयुगं) असेल तर गाळलेला द्रव सामू २ वर आणून रात्रभर ४° ला ठेवा. साका खाली बसतो, तो मिथेनॉलमध्ये विरघळतो.

पेट्रीप्लेट: एक राहिलं. हिरवट रंग सोडणारा स्यूडोमोनास ४२° ला वाढला तर टाकून द्या, तो माणसाला रोग करणारा एरुजिनोसा असू शकतो. बर्कहोल्डेरिया हा जिवाणूही तसाच: बुरशीवर जबर, पण सिस्टिक फायब्रोसिस (फुफ्फुसांचा आनुवंशिक आजार) असलेल्या रुग्णांना घातक. ओळख पटवल्याशिवाय कुंडीत काही घालू नका.

मुळाशी: आणि कोलमडलेल्या रोपात पिथियम नाही ना, ते बघा. ती खरी बुरशी नव्हे. तिच्यात एर्गोस्टेरॉल (खऱ्या बुरशीच्या पेशीपटलातला घटक) जवळपास नसतं, म्हणून त्यालाच चिकटणारी निस्टॅटिनसारखी पॉलिईन बुरशीनाशकं तिथे फिकी पडतात. कुंडीचाचणी निर्जंतुक मातीत लावलीत तरी साध्या मातीतही लावा. निर्जंतुक मातीत जिवाणूला स्पर्धकच नसतो, तिथे जवळपास सगळेच जिंकतात.