२१४७४८३६४७ मूळ आहे, हे वहीवर कसं दाखवायचं?

चोपड्याची ताई: २ चा ३१ वा घात, त्यातून १ वजा, ही संख्या मूळ आहे असं नववीच्या वर्गात सांगितलं. एक पोर उठून म्हणाली, "बाई, भागून दाखवा." वर्गमूळच ४६,३४० च्या वर जातं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसायचं का?

सावद्याचे सर: पोरीने नेमकं धरलं, ताई! ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये हे हातानेच दाखवलं. हिला भाग जाणारी मूळ संख्या असलीच, तर तिला ६२ ने भागून बाकी १ उरणार आणि ८ ने भागून १ किंवा ७. म्हणजे २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३. १३०० पर्यंत तपासायला एकटी ३११! भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. पुढची थेट १३०३. उरलेल्या वर्गात वाटून द्या, मुली हौसेने करतील.

भुसावळकर: घातांक मूळ असला की झालं, असं नाही हं. ११ घेतला तर २०४७, म्हणजे २३ × ८९.

चोपड्याची ताई: सर, ६२ कुठून आले? तीच पोर विचारणार.

सावद्याचे सर: समजा 'क' या मूळ संख्येने भाग जातो. मग २ च्या ३१ व्या घाताला क ने भागून बाकी १. ३१ मूळ, म्हणून त्याआधी कुठेच १ येत नाही. फर्माच्या प्रमेयाने (क − १) व्या घातालाही १ च येते. बाकी १ फक्त ३१ च्या पटीतल्या घातांनाच येते, म्हणून क − १ ला ३१ ने भाग जातो. क विषम, म्हणून ६२ ने.